आबांनी टँकर बसवला

माझ्या लग्नाची बोलणी तुरीच्या डाळीवर झाली, असं म्हटलं तर आमच्या घरातलं कुणी नाही म्हणणार नाही. माहेर बारामतीतलं. नळाचं पाणी, गल्लीच्या कडेनं वाहणारं गटार, आणि ते गटार पुढं कुठं जातं याची गल्लीत कुणालाच फिकीर नाही. सासर इंदापूरच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून आत, रानातल्या वस्तीवर. माझे वडील घर बघायला गेले तेव्हा सासऱ्यांनी त्यांना घर दाखवलं नाही की रान दाखवलं नाही. थेट विहिरीवर नेलं, पोहऱ्यानं पाणी काढून त्यांच्या ओंजळीत ओतलं आणि म्हणाले, "ह्या पाण्यात डाळ एका उकळीत फुटती. तुमच्या पोरीला चूल फुंकत बसावं लागायचं न्हाय."

वडील घरी येऊन आईला म्हणाले, "माणसं चांगली आहेत. डाळ शिजते."

"आणि मुलगा?"

मुलगा बघायचा राहिला होता. म्हणजे पाहिला होता, पण वरून. आमचे हे तेव्हा मोटारीच्या पाइपाचा फुटबॉल, म्हणजे तळाची झडप, दुरुस्त करायला विहिरीत उतरले होते. वडिलांना दिसलं ते फक्त त्यांचं डोकं. त्यावर तेव्हा भरपूर केस होते, त्यामुळं फसवलं असं म्हणता येत नाही.

सासऱ्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांच्या वडिलांपर्यंत हे घर मेंढरांमागं हिंडलेलं. दिवाळीनंतर कोकण गाठायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. आबाही तरुणपणी हिंडले. मग कधीतरी त्यांना एका जागी झोपावंसं वाटलं. त्यांनी सगळा कळप विकला आणि त्या पैशात विहीर काढली. भाऊबंद म्हणाले, यानं मेंढरं पाण्यात घातली. आबा हे वाक्य पाहुण्यांना स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "घातली ना. मंग बगा की कसं गोड पाणी लागलंय." कधीकधी विहिरीच्या काठावर बसून आत बघायचे, तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला हळूच म्हणायच्या, "मेंढरं मोजतंय म्हातारं."

या घरात मला एक वेगळाच मान होता. मी कॉलेजात विज्ञान शाखेला होते. पहिलं वर्ष पास झाले, दुसऱ्या वर्षी नापास झाले आणि लग्न झालं. पण वस्तीवर नापासाचा हिशेब कुणी धरला नाही. मिक्सर बिघडला, गाईला फुगारा आला, पोराला गोवर निघाला की आबा विचारायचे, "पोरी, सायन्स काय म्हंतंय?" सायन्स बहुतेक वेळा काही म्हणायचं नाही. मग मी गंभीर चेहरा करून म्हणायचे, बघू, वाट बघू. हे उत्तर सगळ्याला लागू पडायचं, आणि माझा मान टिकून होता.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतला उन्हाळा होता. आमच्या पट्ट्यात साखर कारखान्याचे टँकर फिरायला लागले होते. मळीपासून दारू काढल्यावर मागं जे तांबडं-काळं पाणी उरतं ते कुठं घालायचं हा कारखान्याचा प्रश्न होता, आणि ते खत आहे, फुकट आहे, रानात सोडून घ्या, हे त्यावरचं उत्तर. लोक त्याला नुसतं मळीचं पाणी म्हणत. टँकर जवळ आला की आधी वास यायचा, करपलेल्या गुळाचा आणि त्यामागून आंबलेल्या ताकाचा. माझ्या माहेरच्या गटाराची मला पहिल्यांदा आठवण आली आणि ते बरं होतं असं वाटलं.

आबांना मात्र खत हा शब्द पुरे होता. मेंढपाळाच्या घरात खत म्हणजे काय, तर रानात मेंढरं बसवणं. रानाचा मालक बोलावतो, मेंढरं रात्री त्याच्या रानात जाळी लावून बसवायची, लेंडी-मुतानं रान कसाला येतं, आणि मालक त्या बदल्यात धान्य देतो, जेवू घालतो. आबांनी सारं तरुणपण दुसऱ्यांची रानं अशी खतवण्यात घातलेली. आता कुणीतरी त्यांचं रान खतवायला येणार होतं. त्यांनी हाका मारून आत्याबाईंना सांगितलं, "उद्यापास्नं आपल्यात टँकर बसवायचाय. ड्रायव्हरला भाकरी टाकाय लागंल."

"टँकर बसवायचा?" हे म्हणाले. "आबा, टँकर काय मेंढरू हाय का?"

"खतवतंय ना रान? मंग बसवायचंच."

आणि खरोखरच टँकर बसला. ड्रायव्हर आला की आबा सामोरे जायचे. त्याच्या हातापायांवर पाणी, अंगणात घोंगडं, भाकरी, खरडा, आणि आमच्या विहिरीच्या पाण्यात एका उकळीत फुटलेल्या डाळीची आमटी. ड्रायव्हर चाळिशीतला, पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. पहिल्या दिवशी तो इतका संकोचला की त्यानं मला विचारलं, "वहिनी, हितं काय कार्य हाय का?" मी म्हटलं, तुमचंच आहे. निघताना आबा त्याच्या पिशवीत पायलीभर ज्वारी ओतायचे. मेंढरं बसवली की धान्य द्यायचं असतं. तो बिचारा कारखान्याची घाण टाकायला आलेला, त्याला कुठंही शिव्या खायची सवय. आमच्याकडं ज्वारी मिळायची. साहजिकच तो आमच्याकडंच जास्त यायला लागला.

आमचं विहिरीच्या वरच्या अंगाचं रान काळं होतं, आणि काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं. बैलाचा खूर जाईल अशा भेगा. आबा म्हणायचे, रान तोंड उघडून बसलंय. टँकर बांधावर उभा राहायचा, ड्रायव्हर मागचा कॉक उघडायचा आणि सगळं पाणी एकदम, जोरात, फेसाळत रानात घुसायचं. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मला वाटलं आता सगळीकडं तळं साचणार. काही साचलं नाही. भेगांनी ते गटागटा आत घेतलं. टँकर रिकामा व्हायच्या आत रान पुन्हा कोरडं दिसायला लागलं.

"बगितलंस?" आबा खूश होऊन म्हणाले. "कसं पिऊन घेतंय. माती हाय ती, समदं पोटात घेती. मुरतंय खाली."

सायन्सला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी वाट बघू म्हणाले असते.

त्या रानातल्या उसानं नंतर रंग धरला, पानं हिरवीगार. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. आबा बांधावर अशा थाटात उभे राहायचे, जसा तो टँकर त्यांनीच लहानाचा मोठा केला होता.

मग एक दिवस डाळ शिजली नाही.

याचा पहिला आळ माझ्यावर आला. आत्याबाई म्हणाल्या, तूर जुनी घेतली असशील. मग म्हणाल्या, मीठ आधी टाकलं असशील. मग त्यांनी मला बाजूला सारून स्वतः डाळ शिजायला टाकली आणि चुलीपुढं ठाण मांडलं. पाणी उकळत राहिलं, आटत राहिलं, पुन्हा घातलं, पुन्हा आटलं. डाळीचा दाणा बोटात धरला तर गोटीसारखा निसटायचा. आत्याबाईंनी पितळीत विहिरीचं पाणी घेतलं, उन्हात नेऊन धरलं, तोंडाजवळ नेलं आणि तसंच खाली ठेवलं. मी बघितलं. पाणी पांढरं राहिलं नव्हतं. त्यात कुणी चहाची गाळणी बुडवून काढावी, तसा रंग होता.

"आबांना सांगू नगं," त्या म्हणाल्या. जशी काही विहीर त्यांना दिसणारच नव्हती.

आबांना माहीत होतं. ते सकाळी आमच्या आधी उठून पोहरा टाकत आणि पहिलं पाणी पिऊन बघत, हे नंतर यांनी मला सांगितलं. संध्याकाळी सगळे अंगणात बसलो तेव्हा आबाच बोलले, जमिनीकडं बघत, "पोरी, मातीतनं गाळून पाणी चांगलं होतंय का न्हाय? तुमच्या पुस्तकात काय हाय?"

मी पुस्तकात काय आहे ते आठवू लागले. नेमका तोच धडा होता की नाही, शप्पथ घेऊन सांगता येणार नाही. नापास झाले ती काही उगीच नाही. पण इतकं आठवत होतं की माती गाळते, फक्त तिला वेळ लागतो, आणि हवा लागते. मी म्हटलं, करून बघू.

दुसऱ्या दिवशी मी तीन मडकी घेतली. चिरलेल्या-गळक्या मडक्यांना आमच्याकडं तोटा नव्हता, त्यातली निम्मी माझ्याच हातून फुटलेली. तिन्हींना बुडाशी भोक पाडलं, खाली खडे, वर त्याच रानातली माती. एकात माती भुगा करून दाबून भरली आणि टँकरच्या पाण्याची कळशी एकदम ओतली. दुसऱ्यात तशीच माती, पण पाणी तांब्या-तांब्यानं दिलं. एक तांब्या घालायचा, आणि माती वाफशावर आली की मगच पुढचा. वाफसा म्हणजे माती ओली असते पण चिखल नसते, मुठीत धरली तर गोळा होते आणि दाबला तर फुटतो. तेव्हा तिच्यात हवा खेळते. तिसऱ्या मडक्यात रानातली वाळलेली ढेकळं तशीच, भेगांसकट ठेवली आणि वरून भसकन पाणी ओतलं.

तिसऱ्या मडक्यानं मला बाजूला व्हायलाही वेळ दिला नाही. वरून जसं काळं ओतलं तसंच खालून काळं, पायावर. पहिल्यातून उशिरा आलं, पण आंबूस वासाचं, गढूळ, आणि मग मातीच घट्ट बसली. दुसऱ्यातून थेंब थेंब यायला लागलं ते फिकट होतं. पांढरं नाही, पण त्याला नाक लावता येत होतं.

आबा ओट्यावर बसून हे सगळं बघायचे. मी पाणी टाकलं की विचारायचे, "वाफसा आला का?" दुसऱ्या मडक्याखालची वाटी त्यांनी उचलली, तिसऱ्याखालची उचलली, आणि खूप वेळ दोन्ही हातांत धरून बसले.

"मेंढरं," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"मेंढरू एका जागी एक रात. सकाळी जाळी उपटायची, म्होरं लावायची. तितंच दुसऱ्या राती बसवलं तर रान भाजतंय. माझा बा काठीनं मारायचा त्यापायी." वाट्या खाली ठेवल्या. "आमी टँकर बसवला अन् जाळी हालवायचीच इसरलो."

हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं, आणि लहानपणापासून माहीत होतं. फक्त मेंढराला तोंड असतं, पाय असतात, ते दिसतं, म्हणून त्याचा नियम आठवतो. टँकरचा नियम कुणाला आठवणार? मळीचं पाणी सरीनं, थोडं, कालव्याच्या पाण्यात मिसळून, फिरवून फिरवून दिलं असतं, मध्ये रानाला वाफशावर येऊ दिलं असतं, तर वरच्या मातीनं तिचं काम केलं असतं. आम्ही ते भेगांतून सरळ खाली, मुरमात आणि मुरमातून विहिरीत पाठवलं. माती मध्ये आलीच नव्हती.

पुढच्या खेपेला आबांनी टँकर अडवला. "पावना, आज दमानं सोडायचं. एकाड सरीला, एक सोडून एक. मी दारं धरतो." म्हणजे खोऱ्यानं माती ओढून पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं. आबा धोतर खोचून खोरं घेऊन उभे राहिले, मी दुसऱ्या टोकाला. सायन्स पदर खोचून बांधावर.

ड्रायव्हरनं कॉक जरा फिरवला, पाणी बारीक झालं. थोडा वेळ सरीतून चाललं, आणि मग मळीच्या गाळानं कॉक तुंबला. त्यानं लोखंडी सळई घातली, ठोकलं, तेव्हा ते भसकन सुटलं आणि आबांच्या गुडघ्यापर्यंत आलं. दारं राहिली बाजूला, सऱ्या फुटल्या.

"आबा," ड्रायव्हर खरोखर वाईट वाटून म्हणाला, "ह्याला तोटी न्हाय हो. ह्याला नुसतं भोक हाय. भरून यायचं अन् रिकामं जायचं. म्होरं लाइन लागलीया गाड्यांची. दमानं सोडत बसलो तर मला घरी बसवत्याल."

आबांनी त्याच्यावर आवाज चढवला नाही. ज्वारी दिली आणि म्हणाले, आता येऊ नगंस. तो आला नाही. पण तो आमच्या वरच्या बांधावरच्या रानात जायला लागला, आमच्याच चुलत्यांच्या. हे त्यांना समजावायला गेले तर चुलते म्हणाले, "तुमचा ऊस हिरवा झाला तवा गोड लागलं. आता आमचा हुतोय तर इख व्हय?" पाणी उतारानंच येतं, आणि उताराला आमची विहीर.

आम्ही जे काही करता येईल ते केलं. मोटार लावून विहीर उपसली, उपसलेलं पाणी लांब ओढ्यात सोडलं. विहीर पुन्हा भरली, पुन्हा तसलीच, जरा जास्तच गडद. वरच्या रानाला कालव्याचं गोड पाणी पाळीपाळीनं दिलं, वाफसा बघून दिलं, आबांनी स्वतः मुठीत माती दाबून बघून दिलं. रंग माती धरते. क्षार धरत नाही, ते पाण्याबरोबर खाली जातात. हे मला आठवायला हवं होतं. म्हणजे आम्ही वरून जे गोड पाणी देत होतो ते रानातली उरलीसुरली खारट घाण धुऊन विहिरीतच नेत होतं. हे मला एका सकाळी चहा करताना कळलं. खारट पाण्यानं चहाचं दूध नासलं आणि मी चुलीपुढं बसून राहिले. बाहेर आबा यांना सांगत होते, "अजून एक पाळी देऊ. मुरंल."

मी नासलेला चहा ओतून दिला आणि कोरा चहा बाहेर नेला.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीला पिण्याच्या पाण्याचा टँकर मंजूर झाला. टँकर येणार हे कळल्यावर वस्तीवरच्या बायका हसायला लागल्या, "आबांच्यात पुन्यांदा टँकर बसतोय." तो आला, दार उघडलं आणि खाली उतरला तो आमचाच ड्रायव्हर. गळीत बंद झालं होतं, त्याला दुसऱ्या गाडीवर काम मिळालं होतं. तो ओशाळून हसला.

मी म्हटलं, "भावजी, टँकर तोच नाही ना?"

"न्हाय वहिनी, ही पाण्याचीच गाडी."

"धुतलाय ना?"

"धुतलाय की. आयच्यान."

सगळीकडं टँकरचं पाणी गावच्या विहिरीत ओततात आणि बायका तिथून शेंदून नेतात, तसंच तो करायला निघाला. पाइप विहिरीच्या काठाशी घेऊन थांबला. "आबा, ह्यात सोडू, का पिंपं हायती?"

पिंपं होती. आम्ही बायकांनी सकाळपासून घासून ओळीनं मांडली होती, घागरी, हंडे, पातेली, होतं नव्हतं ते सगळं. आबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"हिरीत सोड."

"आबा, आतलं पाणी..." हे म्हणाले.

"गोड पाणी पडंल तर आतलं पातळ हुईल. हिरीला बी वाफसा द्यावा लागतो." मग ते माझ्याकडं वळले. बऱ्याच दिवसांनी. डोळे असे होते की मी पिंपांकडं बघायला लागले. "पोरी, सायन्स काय म्हंतंय?"

सायन्सला माहीत होतं. भांड्यांपाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांनी मान अगदी थोडी हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, मला आजही सांगता येत नाही.

"सोडून बघू," मी म्हटलं.

टँकरचं पाणी विहिरीत पडायला लागलं. पांढरंशुभ्र, उन्हात चमकणारं. आबा काठाला धरून वाकले. आत जिथं ते पडत होतं तिथं फेस आला आणि फेसाचा रंग तांबूस झाला. एकदा भाऊबंदांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, मेंढरं पाण्यात घातल्याचं, पण त्या दिवशी घरात तो विनोद कुणी केला नाही आणि नंतरही नाही. एकेक बाई आपापली रिकामी घागर उचलून निघून गेली. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळ व्हायच्या आत आबांनी स्वतः पाणी शेंदून आणलं आणि सांगितलं, डाळ टाका, ड्रायव्हर जेवून जाईल. मी डाळ टाकली. पाणी सकाळपेक्षा फिकट दिसत होतं, एवढं खरं. मी चुलीत लाकडं सारत राहिले. ओट्यावरून अधूनमधून आवाज यायचा, "फुटली का?"

"होत आलीय," मी म्हणायचे.

शेवटी तशीच फोडणी दिली आणि वाढली. ड्रायव्हर जेवला. दाढेखाली दाणे कुरकुरत होते ते मला चुलीपाशी ऐकू येत होतं. "वहिनी, झ्याक झालीया," तो म्हणाला. आत्याबाई जेवल्या, हे जेवले, कुणी मान वर केली नाही. आबांनी पहिला घास चावला, बराच वेळ चावला. जेवण झाल्यावर ड्रायव्हर उठला, तांब्याला हात न लावता गाडीकडं गेला, सीटमागचा आपला कॅन काढून त्यातलं पाणी प्याला, आणि तोंड पुसत परत येऊन बसला.

आबांनी ते पाहिलं. ताटातली उरलेली भाकरी त्यांनी तुकडे करून आमटीत बुडवली आणि ताट थोडं पुढं सरकवलं.

"राहू दे जरा," ते आत्याबाईंना म्हणाले. "मुरू दे."